पर्समध्ये नाही, कमरेला

"आता काढ," मी म्हणाले आणि स्टॉपवॉच दाबलं.

केतकीने खांद्यावरची पर्स पुढे ओढली. चेन अर्ध्यात अडकली. ती सुटली तर वर हेडफोनची वायर, मग किल्ल्या, मग डबा. हात तळाशी पोचला तेव्हा बोटांत आधी छत्री आली. रिकामं रिव्हॉल्व्हर बाहेर येऊन समोरच्या भिंतीकडे वळेपर्यंत अकरा सेकंद झाले होते.

"किती झाले?" तिने विचारलं.

"अकरा. तो किती लांब उभा असेल?"

"दोन पावलं."

मी स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

जर्मनीत, ब्योब्लिंगेनजवळच्या एका बंदुकांच्या दुकानात मी सोळा वर्षं काम करते. सुरुवात शिकारीच्या जॅकेट-बुटांच्या काउंटरवर झाली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगा शाळेत, आणि मला घरी बसून कंटाळा आलेला. पुढे शस्त्रांची परीक्षा दिली आणि आतल्या काउंटरवर गेले. एक मराठी बाई बंदुका विकते, ही गोष्ट इथल्या आमच्या मराठी मंडळात अजून पाहुण्यांना कौतुकाने सांगितली जाते. प्रत्यक्षात मी दिवसाचे निम्मे तास फॉर्म भरते.

केतकी त्या पर्सच्या दिवसाच्या दोन महिने आधी पहिल्यांदा आली होती. वय एकतीस, येनाला पीएचडी करून इथे नोकरीला लागलेली, बहुतेक दिवस होमऑफिस. तिने जर्मनमध्ये सुरुवात केली, माझ्या नावाची पट्टी वाचली आणि मराठीत म्हणाली, "काकू, मला पिस्तूल हवंय. लपवून बाळगता येईल असं."

हे वाक्य मी वर्षातून पुष्कळदा ऐकते, आणि उत्तर ठरलेलं आहे. जर्मनीत खरं पिस्तूल अंगावर बाळगायचा परवाना सामान्य माणसाला जवळजवळ मिळतच नाही. मिळतं ते श्रेकशुस, म्हणजे गोळी न सोडणारं हत्यार. त्यातून मोठा आवाज निघतो किंवा डोळे-घसा जाळणारा गॅस. विकत घ्यायला अठरा वर्षं पूर्ण असली की पुरतं, पण घराबाहेर न्यायला क्लायनर वाफनशाइन लागतो, म्हणजे छोटा परवाना. सभा-समारंभात, जत्रेत न्यायचं नाही. दुसऱ्याच्या जागेत त्याच्या परवानगीशिवाय न्यायचं नाही. आणि दिसायला ते अगदी खऱ्यासारखं असतं, हाच त्याचा सगळ्यात मोठा धोका. समोरचा घाबरेल तसे पोलिसही दचकतील.

"मिरचीचा स्प्रे घे," मी म्हणाले. "हलका, स्वस्त, आणि परवाना नको."

"होता. हातातून काढून घेतला. हसत हसत."

कोणी, ते मी विचारलं नाही. आमचे मालक हेर ओट, म्हणजे ओटसाहेब, यांचा नियम आहे. गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारायचं, कुणाची भीती वाटते ते विचारायचं नाही. ते पोलिसांचं काम. पोलिसांकडे ती जाऊन आली होती. त्यांनी नोंद घेतली होती आणि प्रत्येक प्रसंगाची तारीख लिहून ठेवायला सांगितलं होतं. ती लिहीत होती. वहीची बरीच पानं भरली होती.

मी विचारलं नाही, पण मनात चित्र उभं राहिलंच. कुणीतरी गोरा, टक्कल केलेला, बिअरचा वास येणारा. हे चित्र कुठून आलं हे मी नंतर स्वतःला खूपदा विचारलं आहे.

हेर ओट कपाटातून सगळ्यात लहान पिस्तूल घेऊन आले. "तर, बायकांना हेच आवडतं," ते म्हणाले. बायकांना ते आवडत नाही, बायकांना ते दिलं जातं. लहान पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते. वरचा भाग मागे ओढायला केतकीला दोन्ही हात, दात-ओठ आणि तीन प्रयत्न लागले. मूठ इतकी छोटी की करंगळी हवेत. मग मी तिला आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर दिलं. त्यात ओढायचं काही नाही, अडकायचं काही नाही, चाप दाबला की झालं. चाप जड असतो, पण तिचं बोट त्यावर नीट पोचत होतं. हात मापूनच हत्यार निवडायचं असतं, बांगडी घेतो तसं.

परवाना आला त्या बुधवारी ती परत आली आणि पर्सचा तो अकरा सेकंदांचा प्रयोग झाला.

"पर्स खुर्चीला अडकवतेस, कार्टमध्ये ठेवतेस, कुणीही ओढून नेऊ शकतं," मी म्हणाले. "ते अंगावर हवं."

कंबरपट्ट्याचे होल्स्टर लावून पाहिले. ते पुरुषांच्या मापाने बनतात. आपला नितंब बाहेर येतो, त्यामुळे मूठ आत ढकलली जाते आणि बरगडीत रुतते. बायकांच्या जीन्सचा पट्टा वजन पेलत नाही, एका बाजूने खाली येतो. शेवटी मी बेलीबँड मागवायचं ठरवलं. म्हणजे पोटाला गुंडाळायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा, त्याला चापावर कडक कवच असलेला खिसा. बेंबीच्या थोडं उजवीकडे, वरून सैल स्वेटर. आपल्या बायका कनवटीला पैसे लावत आल्या, साधारण तीच जागा.

पट्टा शनिवारी येणार होता. तोवर, ती म्हणाली, पर्समध्येच ठेवते.

त्या रात्री जेवताना मी विवेकला सांगितलं. विवेक म्हणजे माझा नवरा. दुकानातलं दुकानात, हा हेर ओट यांचा दुसरा नियम. डाटेनशुट्झ, म्हणजे गिऱ्हाइकाच्या माहितीची गुप्तता, यावर मी दरवर्षी सही करते. पण नवऱ्याला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं, असं मला तीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. नाव मी घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "येनाहून आलेली ती मुलगी आहे ना, बिचारी पर्समध्ये गॅसचं रिव्हॉल्व्हर घेऊन फिरते." येनाहून आलेली मुलगी आमच्या मंडळात एकच होती.

"अगं, मग कुणीतरी तिच्या सोबतीला नको का?" विवेक म्हणाला. त्याचा जीव कळवळला होता, ते मला दिसत होतं. मी भांडी लावायला उठले.

शनिवारी केतकी आली. बँड बांधून मी तिला बसवलं, वाकवलं, दुकानामागे सायकल चालवायला लावली. हत्यार रिकामं ठेवून पंचवीस वेळा काढायला लावलं. अकराचे तीन सेकंद झाले. मग जे बहुतेक विक्रेते शिकवत नाहीत ते शिकवलं. बंद जागेत गॅस तुझ्याही डोळ्यांत जाणार, जिन्यात शक्यतो काढूच नकोस. आधी मागे सर, आधी ओरड, जर्मनमध्ये ओरड. पोलीस आले तर हात वर, आणि पहिलं वाक्य: माझ्याकडे श्रेकशुस आहे, कमरेला आहे, परवाना आहे. ते वाक्य मी तिच्याकडून दहादा म्हणून घेतलं. शेवटी ती हसली. त्या दोन महिन्यांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"आईलासुद्धा सांगितलं नाहीये," ती जाताना म्हणाली. "फक्त आपल्या दोघींना माहीत आहे."

मी मान हलवली. त्या क्षणी मला बुधवारचं जेवण आठवलं, आणि मी ते बाजूला सारलं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला ती बाजार करून घरी आली. एका हातात भाजीची पिशवी, खांद्याला पर्स. जिन्याच्या दारात, टपालपेट्यांपाशी नीलेश उभा होता.

नीलेशबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळातला सगळ्यात परोपकारी माणूस. नव्या माणसाला विमानतळावरून आणणार, पत्त्याची नोंदणी करून देणार, घर बदलताना सोफा उचलणार. आमच्याकडे त्याचे उपकार नाहीत असं घर सापडणार नाही. केतकी नवीन आली तेव्हा तिलाही त्यानेच घर शोधून दिलं होतं. मग तो रोज येऊ लागला. ती नको म्हणाल्यावरही येत राहिला. तिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं कुणाला? ज्याला सांगावं त्याचा सोफा नीलेशने उचललेला.

"विवेकदादांनी सांगितलंय तुझ्याकडे लक्ष ठेवायला," तो म्हणाला. "घाबरलीयस म्हणे." आणि हात पुढे केला. "दे ती पर्स. जड झाली असेल."

ते ऐकूनच तिला कळलं की याला रिव्हॉल्व्हरचं माहीत आहे. तिने पर्स सोडून दिली. दोन पावलं मागे सरली, हात स्वेटरखाली नेला, आणि ओरडली. जर्मनमध्ये. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंची त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी होती. त्या झाडू घेऊनच बाहेर आल्या, तिला आपल्या घरात ओढलं, कडी घातली आणि पोलिसांना फोन केला. नीलेश पळाला नाही. आपल्याला कोण काय म्हणणार, याची त्याला खात्री असावी. तो पायरीवर बसून पर्स उचकत होता.

पोलीस आल्यावर तोच आधी बोलला: "तिच्याकडे पिस्तूल आहे." दोन्ही पोलिसांचे हात आपापल्या कमरेकडे गेले. केतकी हात वर करून दारात आली आणि तिने ते वाक्य म्हटलं. परवाना कुठंय, त्यांनी विचारलं. परवाना पर्समध्ये होता, आणि पर्स नीलेशच्या मांडीवर होती. पोलिसांनी ती त्याच्या हातातून घेतली, परवाना काढून वाचला, आणि मग त्याला विचारलं की दुसऱ्याची पर्स तुझ्याकडे कशी.

सोमवारी ती दुकानात आली. हे सगळं तिने मला उभ्याउभ्याच सांगितलं. तक्रार नोंदवली होती, वही पोलिसांना दिली होती. मग म्हणाली, "काकू, त्याला पर्सचं कसं कळलं?"

माझ्यापाशी उत्तरं पुष्कळ होती. त्याने पाहिलं असेल. अंदाज बांधला असेल. मागच्या खोलीत हेर ओट कागद चाळत होते आणि त्यांना मराठी येत नाही. कुणाला काही कळलं नसतं.

"माझ्याकडून," मी म्हणाले. "मी घरी सांगितलं. विवेकने काळजीपोटी नीलेशला सांगितलं. तुला त्रास देणारा तोच, हे आम्हाला माहीत नव्हतं."

तिने खांद्यावरची पर्स काढून काउंटरवर ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही मला पंचवीस वेळा काढायला लावलंत," ती म्हणाली. "म्हणून हात न शोधता कमरेपाशी गेला. तेही तुमच्याकडूनच."

"केतकी, माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली.

मला रडू आलं. तिला आलं नाही. मी डोळे पुसले आणि विक्रेतीला जे सुचतं तेच विचारलं, बँड नीट बसतोय ना, काचत नाही ना.

"आता तिथे ठेवत नाही," ती म्हणाली. "दुसरीकडे ठेवते. कुठे, ते सांगणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी हेर ओटना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि मला लेखी ताकीद दिली. सोळा वर्षांतली पहिली. मी सही केली.

विवेक दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी पोलिसांकडे गेला आणि आपण नीलेशला काय सांगितलं ते लिहून देऊन आला. केतकीने पूर्वी नीलेशला 'माझ्या जवळ येऊ नकोस' म्हणून पाठवलेले मेसेज, ती वही आणि हा जबाब, यांवरून कोर्टाने नीलेशला तिच्यापासून लांब राहण्याचा आदेश दिला. मंडळात निम्मे लोक अजून म्हणतात, नीलेश तसा नाहीये, मुलीचाच काहीतरी गैरसमज झाला असेल. आम्ही आता तिकडे जात नाही. केतकी या गावात राहिलेली नाही. कुठे गेली, ते मी विचारलं नाही.

बायका अजून येतात. मी हात मापते, कंबर मापते, बसवून बघते, सायकल चालवायला लावते. त्यात आता एक प्रश्न वाढला आहे: हे कोणाकोणाला माहीत आहे? जी म्हणते, "फक्त तुम्हाला," तिला मी सांगते की तेवढंही खूप झालं.

घरी जेवताना विवेक सवयीने विचारतो, "आज काय झालं दुकानात?"

"रेनकोट विकले," मी म्हणते. तो मान हलवतो आणि भात वाढून घेतो.