पुढंकाय सर

"पुढं काय?" सरांनी असं विचारलं की आमच्या लातूरच्या कॉलेजची स्टाफरूम गप्प व्हायची. ते तत्त्वज्ञान शिकवायचे, मी भूगोल. मुलांनी त्यांचं नावच पुढंकाय सर ठेवलं होतं.

विज्ञान पुढे गेलं हे ओळखायचं कसं, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. "झालेल्या गोष्टीचं कारण कुणीबी सांगतं," ते म्हणायचे. "नवा सिद्धांत जुन्याला जमलेलं सांभाळतो का, अन् कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं आधी सांगतो का, ते बघा."

एकदा शिपाई म्हणाला, "औंदा पाऊस लई, सर. मुंग्या वर चढायला लागल्यात."

"नाही पडला तर?"

"मंग मुंग्या चुकल्या."

सर खूश झाले. "हा मुंग्यांना तरी चुकू देतो. आमचे भाऊ काहीच चुकू देत नाहीत."

भाऊ म्हणजे मी. किल्लारीच्या भूकंपानंतर मी गावोगाव व्याख्यानं देत होतो. धरणाच्या पाण्याचा भार, हे माझं कारण. धरणापासून लांब धक्का बसला की त्याला जमिनीतली भेग जोडायची. पाणी आटल्यावर बसला की भार उतरल्याचं सांगायचं. पुन्हा बसेल का, असं विचारलं की म्हणायचो, "सावध राहा."

एका सभेत सर उठले. "भाऊ, तुमचा सिद्धांत दर धक्क्याला वाढत चाललाय, पुढं सरकत नाही. माझी बहीण किल्लारीकडं अजून अंगणात झोपते. तिला घरात झोप म्हणू का?"

"माहीत नाही" हेच खरं उत्तर होतं. मी माइकवर म्हणालो, "सरांचा विज्ञानावर विश्वासच नाही." लोक हसले.

ते वाक्य त्यांना चिकटलं. विज्ञानाच्या कार्यक्रमांची बोलावणी थांबली. चहाला सर माझ्याशेजारीच बसत राहिले, पण मला "पुढं काय" असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात सर गेले. शोकसभेत एक तरुण प्राध्यापक म्हणाले, "विज्ञानविरोधी असले तरी माणूस मोठा." ते खोटं आहे, आणि ते माझं आहे. विज्ञान इतकं मनावर घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सभेनंतर त्यांच्या बहिणीजवळ गेलो. म्हणालो, "ताई, सरांनी भर सभेत विचारलं तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं."

"दादा त्याच दिवशी सांगून गेला व्हता," त्या म्हणाल्या. "म्हनला, कवा हादरंल ते भाऊलाबी ठाऊक न्हाई, जगात कुणालाच न्हाई. घरावरचं माती-दगडाचं माळवद काढ, हलके पत्रे टाक, अन् आत झोप. तवापासनं मी घरातच झोपते."

मग त्या म्हणाल्या, "बाकीचं गाव मातर तुमच्या 'सावध राहा'पायी लई वर्सं बाहेरच झोपलं, भाऊ."