सात नंबरची हाक

ईशान, रेवा, तुमची इलेव्हन आजी, माझी मैत्रीण कुसुम, गेली, हे बाबाने तुम्हाला सांगितलंच आहे. मला फोन आला तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते आणि मी इस्त्री करत होते. तिची मुलगी मीनल एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली… झोपेतच." मी "बरं" म्हटलं, इस्त्रीचा प्लग काढला, हातातल्या पोलक्याची घडी घातली आणि खुर्चीत बसले. मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता कुसुम मला "सांगितलंस का?" असं पुन्हा विचारणार नाही. त्या विचाराने क्षणभर हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मला अजून माफ करता आलेलं नाही. हा लेख पुरवणीत छापून येईल, इतर लोकही वाचतील. पण तो मी तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण तुम्हाला कुसुमची अर्धीच गोष्ट माहीत आहे.

अर्धी गोष्ट मजेची आहे. कुसुम पुण्यात गणिताची शिक्षिका होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापूरला आली, बेडोकच्या फ्लॅटमध्ये मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली, आणि साठी उलटल्यावर तिने आम्हा मराठी म्हाताऱ्यांच्या सहली काढायला सुरुवात केली. सहलीत प्रत्येकाला एक नंबर. गाडी सुटण्याआधी कुसुम शिट्टी वाजवायची, "मोजा!" म्हणायची, आणि आम्ही एकेक जण आपापला नंबर ओरडायचो. शेवटचा नंबर नेहमी तिचा, अकरा. तो म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. मी चार. तुम्ही दोघं सिंगापुरात होतात तेव्हा तिने तुम्हालाही नंबर दिले होते, आठवतंय? ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी सायकली परत करताना ती "मोजा!" म्हणायची आणि ईशान वैतागून सिंगापुरी थाटात म्हणायचा, "आजी, वी आर ओन्ली फोर, लाह!" त्यावर ती म्हणायची, "चारात एक हरवला तर पंचवीस टक्के जातात, गाढवा."

उरलेली अर्धी गोष्ट लडाखची आहे.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही अकरा जण गेलो. तुमचे आजोबा आदल्याच वर्षी गेले होते, आणि मला घरातून बाहेर काढायचं हा कुसुमचा हट्ट होता. तयारी म्हणून ती मला तिच्या ब्लॉकचे बारा मजले रोज चढायला लावायची. समुद्रालगत राहणारी माणसं आम्ही, उंची म्हणजे काय हे आम्हाला बारा मजल्यांपलीकडे ठाऊक नव्हतं. लेहच्या विमानतळावर उतरलो तर चार पावलांत धाप लागली. आमचा वाटाड्या स्टॅन्झिन, तिशीचा, हळू बोलणारा लडाखी. त्याने पहिले दोन दिवस आम्हाला खोलीबाहेर पडू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना अंगणात बसवून त्याने एकच नियम सांगितला. "यहाँ किसी चीज़ के पीछे भागना नहीं. टोपी उड़ गई तो जाने दो." सगळे हसले. वसंतराव तर आपली लाल टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ही बायकोने विणलीय. ही उडाली तर मलाही उडावं लागेल." त्यांच्या बायकोने, सुधाने, लगेच ऐकवलं, "उडा की. निदान सामान तरी कमी होईल."

वसंतराव म्हणजे आमचा सात नंबर. सुधा आठ. जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. इंजिनरूमच्या दारात डोळे मिटून उभं राहायचं आणि कुठला व्हॉल्व्ह बिघडलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचं, ही त्यांची ख्याती. लडाखमध्येही ते गाडीतून उतरले की आधी ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "वहिनी, इथे काहीच वाजत नाही. मला हे बरं वाटत नाही." खरंच होतं ते. तो प्रदेश मी अनेकांच्या फोटोंत पाहिला होता, पण फोटोत शांतता येत नाही. झाड नाही, पक्षी नाही, गवताचं पातं हलायचं तर गवतच नाही. तांबडे, जांभळे, राखाडी डोंगर, आणि त्यांच्यावर इतकं गडद निळं आकाश की भर दुपारी वर पाहिलं तरी जीव दबून जावा. वेफर्सची पाकिटं उशीसारखी फुगलेली. स्वतःच्या कानात स्वतःचंच रक्त ठोके देत असलेलं. मी रोज संध्याकाळी डायरीत दिवसाचा वृत्तांत लिहीत असे. त्यात पाचव्या दिवशी लिहिलं आहे, "उद्या उंच खिंड. दुपारी दोनच्या आत पार करायची आहे." पुढची पानं कोरी आहेत.

आमच्या दोन गाड्या होत्या. सकाळी चहाच्या थांब्यावर सगळ्यांनी जागा बदलल्या, कुणाला खिडकी हवी होती, कुणाला पाय लांब करायचे होते. मी मागच्या गाडीत आले. खिंडीत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. दगडांचा ढीग, त्यावर फडफडणाऱ्या पताका, एका बाजूला पडकी दगडी भिंत. स्टॅन्झिन म्हणाला, दहा मिनिटं. माझं डोकं असं ठणकत होतं की मी पाच मिनिटांत गाडीत येऊन बसले. शेजारच्या दोघीही कानटोप्या ओढून डोळे मिटून पडल्या होत्या. उत्तरेकडून ढग येत होते. ते ढग आकाशातून येताहेत असं वाटत नव्हतं, जमिनीवरून चालत येताहेत असं वाटत होतं… स्टॅन्झिनने दोनदा वर पाहिलं आणि कुसुमला खूण केली. ती दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभी राहिली, तोंडावरचा मफलर खाली केला, शिट्टी वाजवली. "मोजा!"

एक, दोन, तीन. मी चार म्हटलं. पाच, सहा. आणि मग नुसता वारा.

पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून मला लाल टोपी दिसत होती. वसंतराव तिथे बसले आहेत, नेहमीसारखे कॅमेऱ्यात डोकं घालून, आणि त्यांच्यामुळे आपण सगळे इथे अडकलो आहोत, असं मला वाटलं. मी आयुष्यभर शिपिंग कंपनीच्या कचेरीत फाइली लावल्या. यादीत मधलीच जागा रिकामी राहिलेली मला सोसत नाही. मी काच चार बोटं खाली केली आणि मोठ्याने ओरडले, "सात!"

पुढून सुधाचा आवाज आला, "आठ!" मग नऊ, दहा. कुसुम जराशी थांबली. मग म्हणाली, "अकरा." गाड्या निघाल्या.

तासाभराने उतारावर चहाचा एक तंबू लागला. सुधा पुढच्या गाडीतून उतरली, हातात पाण्याची बाटली आणि गोळी. आमच्या गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "अहो, गप्पा पुरे झाल्या. गोळी घ्या आधी…" आणि आत पाहत राहिली. एकेका तोंडाकडे पाहत राहिली. खिंडीत ते आमच्या गाडीत गप्पा मारायला आले असतील, असं तिने धरलं होतं. मी पुढच्या गाडीकडे पाहिलं. लाल टोपी रिकाम्या सीटच्या पाठीवर अडकवलेली होती.

स्टॅन्झिन ओरडला नाही, की कुणाला काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "सब उतरो. गाड़ी खाली चाहिए." कुसुमला घेऊन तो परत वर गेला. आम्ही तंबूत बसलो. बाहेर बर्फाचे खडे पडू लागले, ताडपत्रीवर कुणी मूठमूठ वाळू फेकावी तसे. सुधा लाल टोपी मांडीवर घेऊन बसली होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "पण मोजलं होतं ना? आपण मोजलं होतं ना?" मी तिच्या शेजारी होते. तिचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, "हो, मोजलं होतं."

अडीच तासांनी गाडी आली. वसंतराव त्या दगडांच्या ढिगाजवळ सापडलेच नाहीत. ते रस्त्यावर बरेच खाली, गाड्या गेल्या त्या दिशेला, गुडघ्यांवर बसलेले सापडले. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांनी त्यांना ताडपत्रीत गुंडाळलं होतं. ओठ निळे पडले होते आणि ते सारखे पुटपुटत होते, "सात… सात इथे आहे." ते पडक्या भिंतीआड फोटो काढायला गेले होते. तिथून धावत सुटले होते. त्या उंचीवर, पासष्टाव्या वर्षी, टोपीविना.

लेहच्या इस्पितळात ते सहा दिवस ऑक्सिजनवर होते. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी एकच सांगायला सुरुवात केली: मला हाक मारली कुणीतरी. माझा नंबर पुकारला. मला वाटलं, मला बोलावताहेत, म्हणून मी धावलो. डॉक्टर समजुतीने म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की माणसाला असं ऐकू येतं, काळजी करू नका. त्याच दिवशी हॉटेलच्या जेवणघरात सुधा कुसुमसमोर उभी राहिली. "गणित शिकवत होतात ना तुम्ही? अकरा माणसं मोजता आली नाहीत?" कुणीतरी विचारलं, सात म्हटलं कुणी? वाऱ्यात काही कळलं नाही, असं प्रत्येक जण म्हणाला. कुसुमने टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडेही. मग म्हणाली, "सहानंतर मी थेट आठ ऐकलं. माझी मोजणी चुकली."

तिने परत सहल काढली नाही. सिंगापूरच्या मराठी घरांत कुणाच्या हळदीकुंकवाला ती गेली की कुणीतरी हसत म्हणायचं, "प्लेटा मोजायला कुसुमताईंना बसवू नका हं." ती पण हसायची. आमचा शनिवारचा ईस्ट कोस्टचा फेरा मात्र तिने सोडला नाही. समुद्रात जहाजं रांगेने उभी असायची, इतरांच्या मागे आम्ही दोघी चालायचो, आणि मला सारखं वाटायचं की आता विचारेल. ती मीनलबद्दल बोलायची, गुडघ्यांबद्दल बोलायची. पाच वर्षं मी त्या प्रश्नाच्या शेजारून चालले.

वसंतरावांचं मात्र कुणालाच कळेना. फुप्फुसं सुधारली, पण ज्या माणसाने जन्मभर कानांवर जहाजं चालवली, त्याचा कानांवरचा भरवसा गेला. घराची बेल वाजली तर ते आधी सुधाला विचारायचे, "आत्ता वाजली का?" तिने हो म्हटलं तरच उठायचे. एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, स्टेशनाचं नाव पुकारलं की शेजाऱ्याला विचारून खात्री करून घ्यायचे. शेवटी ती दोघं पुण्याला परत गेली. निरोपाला आम्ही चांगी विमानतळावर गेलो होतो. ते मला म्हणाले, "वहिनी, माझं डोकं त्या खिंडीत राहिलं बघा." मी म्हटलं, "असं काय बोलता?" आणि त्यांच्या हातात चिवड्याचा डबा दिला.

गेल्या महिन्यात कुसुमचं हृदय थकत चाललं आहे हे कळल्यावर मी बेडोकला गेले. दुपारची वेळ होती. पाय सुजलेले, उशांना टेकून बसलेली. मला पाहून म्हणाली, "चार नंबर, उशीर झालाय." मी तिच्यासाठी खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यातून काया टोस्ट, तो नारळाच्या जॅमचा, आणला होता. तो तिच्यासमोर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "कुसुम, त्या दिवशी सात मी म्हटलं होतं."

"माहीत आहे." तिने टोस्टचा कोपरा मोडला. "वीस वर्षं तुझा आवाज ऐकतेय, मालू. वाऱ्यात ओळखणार नाही? वसंतरावांचा आवाज असा असतो का?"

"मग तू पुढे का मोजलंस?"

"ढग मलाही दिसत होते की. खाली उतरायची घाई मलाही होती." ती थोडा वेळ चावत राहिली. "तू एकटी नाहीस त्यात. म्हणून मी बोलले नाही. आणि तू बोलशील, असंही वाटायचं… नंतर वाट पाहायची सवयच लागली."

मी रडायला लागले तशी ती वैतागली. "मला सांगून काय उपयोग? सातला सांग. तो बिचारा आपल्याच कानांना घाबरून बसलाय, आणि आपण दोघी इथे टोस्ट खातोय." मी शब्द दिला. त्यानंतर तिने दोनदा फोन केला, "सांगितलंस का?" मी दोनदा म्हटलं, "उद्या."

तेराव्या दिवशी मीनलकडचं सगळं आवरून घरी आले आणि पुण्याला फोन लावला. सुधाने उचलला. कुसुमबद्दल ती दोन शब्द बरे बोलली. मी म्हटलं, वसंतरावांना द्या. "मालतीताई, फोनवरचं त्यांना खरं वाटत नाही हल्ली. स्पीकर लावते, मीही ऐकते." मी सगळं सांगितलं, क्रमाने, लाल टोपीसकट. पलीकडे स्वयंपाकघरात कुठेतरी नळ गळत होता, तो इथवर ऐकू येत होता.

मग वसंतराव हळू म्हणाले, "म्हणजे… आवाज बाईचा होता?"

"हो."

"सुधा, मी सांगत होतो ना. बाईचा आवाज होता. मी सांगत होतो."

सुधा म्हणाली, "पाच वर्षं, मालतीताई? तंबूत माझा हात धरून बसल्या होतात तुम्ही." आणि फोन बंद झाला. मी तो पुन्हा लावलेला नाही. त्यांनीही लावलेला नाही.

मीनलने मला कुसुमची शिट्टी दिली आहे. काळ्या दोरीची, स्टीलची. दाराजवळच्या खुंटीला, किल्ल्यांशेजारी टांगली आहे. शनिवारी ईस्ट कोस्टला आता आम्ही अकरांतले चौघंच उरलो आहोत, तरी निघण्याआधी मी शिट्टी वाजवते आणि अकराही नंबर मोजते. सहानंतर मी थांबते. आजूबाजूचे लोक सायकली वळवून जातात, चौघांतलं कुणीतरी म्हणतं, "मालतीबाई, चला, ऊन चढतंय." तरी मी थांबते. जितका वेळ त्या दिवशी थांबायला हवं होतं, तितका वेळ.