नाटकासाठी बांधलेली होडी

२०२३ साल. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो, आणि होड्या बांधायचं थांबवून बराच काळ लोटला होता. आमच्या मुरबे गावात आता फायबरच्या होड्या येतात. त्या साच्यातून निघतात, त्याला बांधणं म्हणत नाहीत. मी असं बोललो की घरचे म्हणतात, झालं सुरू. पण खरं ते खरं.

नात पालघरच्या कॉलेजात इंग्रजीचं एम.ए. करत होती. अभ्यास कुठला, तर सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडचा. संध्याकाळी ओट्यावर बसून ती वाचायची आणि मला सांगायची. मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही, पण ऐकायला शाळा लागत नाही. त्या काळी तिथे चर्चमध्ये लॅटिन चालायची, बड्या लोकांत फ्रेंच, आणि इंग्रजी बोलायचे ते नांगरवाले, मच्छीवाले, सुतार. म्हणजे इंग्रजी ही आमच्यासारख्यांची बोली! मला इतकं बरं वाटलं की मी हे मच्छीबाजारात दोघाचौघांना जाऊन सांगितलं. त्यांना काहीच वाटलं नाही.

मग तिथे साथ आली. माणसं इतकी मेली की उरलेले मजूर जास्त मजुरी मागू लागले, आणि राजाने कायदा काढला, मागायची नाही.

"ह्ये बोईसरच्या कारखान्यांचं सांगतेस का गो?" मी विचारलं. नात पोट धरून हसली.

मला सगळ्यात पटलं ते नाटकांचं. गावात सणाला धर्मग्रंथातल्या गोष्टींची नाटकं व्हायची, आणि ती कामकरी माणसं करायची. प्रत्येक धंद्याची आपली पंचायत, पंचायतीचं आपलं नाटक. महापुराची गोष्ट, म्हणजे देव एका म्हाताऱ्याला सांगतो की जग बुडणार आहे, होडी बांध, ती काही गावांत होडीवाल्यांकडे असायची. शहाणी माणसं.

हेच नाटक नातीच्या वर्गाला करायचं होतं. त्याच्यावर परीक्षेचे मार्क होते, आणि होडी आमच्या घरून येईल असं ती वर्गात सांगून बसली होती.

"पुठ्ठ्याची चालंल, आजोबा. समोरून दिसली की झालं."

"आणि मागून?"

"मागं पडदा असतो."

"माज्या होडीला मागची बाजू असते."

बायको बोंबील निवडत होती. तिने मान वर केली नाही. "अवो, नाटक हाय ते. त्यात पाणीपन नाय."

"पाणी नाय म्हणून होडी नाय का?"

"करा. कंबर धरली की मला हाक मारू नका."

कंबर धरली. मी हाक मारली नाही. उरलेल्या सागाच्या फळ्यांची, तिघं बसतील एवढी होडी झाली. वर्गातल्या पोरांनी ती घामाघूम होत कॉलेजच्या हॉलमध्ये नेली.

नाटकाला आम्ही दोघं दुसऱ्या रांगेत. पुढे नातीच्या मॅडम, मार्कांची वही घेऊन. ते लोक स्वतःच्या बोलीत नाटक करायचे, तर तुम्हीही तुमच्या बोलीत करा, असं मॅडमनीच सांगितलं होतं. नात झाली होती त्या म्हाताऱ्याची बायको. ही बाई भांडकुदळ, होडीत चढायला तयार नसते.

"लुगडं माजं नेसलीय," बायको कुजबुजली.

"तोंडपन तुजंच घेतलंय," मी म्हटलं.

पत्रा वाजवून पाऊस पाडला. भांडून भांडून ती बाई शेवटी तयार झाली आणि नातीने होडीत ठेवायला पाय उचलला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नव्या होडीत पहिला पाय पडण्याआधी तिच्या पुढच्या टोकावर नारळ फुटतो. मी बांधलेली एकही होडी त्याशिवाय माणसाला दिली नाही. हिच्या वेळी नाटक नाटक ऐकून मी नारळच विसरलो होतो.

मी उभा राहिलो. "ए, पाय खाली घे! नारळ नाय फोडला!"

नात एका पायावर उभी. मॅडमनी मागे वळून पाहिलं, आणि मला आठवलं की इथे पोरीचे मार्क आहेत.

बायकोने माझा सदरा ओढला. "बसा खाली! वर्ष घालवाल पोरीचं!"

मी बसलो नाही. नारळाशिवाय माझी नात नव्या होडीत चढताना मला बसून बघवलं नसतं.

नातीने माझ्याकडे पाहिलं. मग पाय खाली घेतला, कमरेवर हात ठेवला आणि म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या पोराकडे वळली. "ऐकलंस? जग बुडायला आलं नि तू नारळ नाय आणलास? नाय चढत मी!"

पोरगाही काही कमी नव्हता. "आता कुठनं आणू? सगळा बाजार बुडाला!"

"पालघरचा अजून कोरडा हाय!" माझ्या बाजूने बायको ओरडली. "जा, आना कोनीतरी!"

सगळा हॉल हसत सुटला. कोणीतरी गेटाबाहेर धावलं. नारळ येईपर्यंत ती दोघं स्टेजवर भांडत राहिली, कुठेही लिहिलेलं नव्हतं ते. नारळ आल्यावर मला वर बोलावलं. मी फोडला. पाणी पहिल्या रांगेपर्यंत उडालं. मग नात होडीत चढली.

नाटक संपल्यावर मॅडमनी तिला विचारलं, "हे तुम्ही बसवलेलं होतं?"

"नाही मॅडम. आजोबांचं आहे."

मॅडम हसल्या. "वेळ जास्त घेतलात, त्याचे मार्क जातील. बाकीचे नाही."

दाराशी उभ्या उभ्या मी श्वास सोडला. नात बाहेर आली. "आजोबा, जीव गेला होता माजा."

"होडी कशी होती?"

"जड."

पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी होडी सामानाच्या खोलीत ठेवू, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, नारळ फुटलेली होडी खोलीत ठेवत नाहीत. त्यांनी दोनदा समजावलं. मी दोनदा तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन पालघरला गेलो, होडी घरी आणली, अंगणात उलटी टाकली, आणि ती पाण्यात उतरवता यावी म्हणून, नाटकापुरत्या मोकळ्या सोडलेल्या फटींत कापूस ठासायला बसलो.