काळीचा पट्टेरी भाऊ

आमच्या घरी कुत्रं येणार नव्हतं, आणि दोन तर नव्हतीच नव्हती. पण माझ्या नवऱ्याच्या हौसेपुढे माझा राग फार टिकत नाही. इंग्लंडात मेडनहेडला घर घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी तो शर्यतीतून निवृत्त झालेली एक ग्रेहाउंड घेऊन आला. काळीकुळकुळीत, हडकुळी, कानाच्या आत गोंदलेली अक्षरं, आणि स्वभावाने इतकी गरीब की दारात पोस्टमन आला तरी सोफ्यावरून मान उचलायची नाही. सगळा जन्म केनेलमध्ये आणि धावपट्टीवर गेलेला, त्यामुळे जिना म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. मी आठवडाभर तिचे पुढचे पाय एकेका पायरीवर उचलून ठेवत तिला जिना शिकवला आणि तिथेच फसले. नावं मी इथे कोणाचीच सांगणार नाही, कुत्र्यांचीसुद्धा. तिला आपण काळी म्हणू.

तिची एकच गोष्ट मला सहन व्हायची नाही. ती डोळे उघडे ठेवून झोपायची. ग्रेहाउंड झोपतात तसे, हे मला नंतर कळलं. पण आपण स्वयंपाकघरातून चहा घेऊन यावं, तिने आपल्याकडे बघावं, आपण तिच्याशी बोलावं आणि ती तिथे नसावीच, हे मला कधीच अंगवळणी पडलं नाही.

त्याच साली जूनमध्ये नागपूरला माझ्या सासूबाई गेल्या. आजार नाही, काही नाही. सासरे बँकेत गेले होते, परत आले तर त्या स्वयंपाकघरात पडलेल्या. ऑक्टोबरमध्ये नवऱ्याने सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आणलं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. कोणाच्या अध्यातमध्यात नसत. जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचे, ताटाच्या उजव्या बाजूला भाताच्या चित्राहुती काढून ठेवायचे आणि मगच पहिला घास घ्यायचे. काळीचं तोंड नेमकं टेबलाच्या उंचीला यायचं. ती लांब मान पुढे करून ती शितं टिपून घ्यायची. "काय गं, तुझाच मान का पहिला?" असं म्हणून बाबा हसायचे. सासूबाईंच्या पश्चात त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

दिवाळीच्या आठवड्यात, जिथून काळी आणली होती त्या केंद्रातल्या बाईंचा फोन आला. काळीच्याच वेताचा तिचा भाऊ नुकताच शर्यतीतून बाहेर पडलाय, तुम्ही घेणार का? एका वेताची पिल्लं मोठेपणी एकमेकांना ओळखतातच असं नाही, हेही बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण ते ऐकतो कोण? मराठी माणसाच्या कानावर 'सख्खा भाऊ' हे दोन शब्द पडले की पुढचं काही ऐकू येत नाही.

"अगं, सख्खा भाऊ आहे तिचा," नवरा म्हणाला. "आणि परवा भाऊबीज आहे. इट्स ऑलमोस्ट अ साइन."

"साइन कसली डोंबलाची. त्याची शी कोण उचलणार?"

"मी. प्रॉमिस."

त्या प्रॉमिसची किंमत मला माहीत होती. तरी शनिवारी आम्ही काळीला गाडीत घालून निघालो.

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. दोन कुत्र्यांची गाठ घालून द्यायची तिथली एक पद्धत आहे. दोघांच्या तोंडाला जाळी बांधायची, लीडच्या दोरीवर धरून शेजारीशेजारी चालवायचं, मग हळूहळू एकमेकांना हुंगू द्यायचं. बाईंनी भावाला बाहेर आणलं. पिंगट अंगावर वाघासारखे काळे पट्टे. दोघं शेजारी आली आणि कोणी कोणाला हुंगलं नाही. शेपटी हलली नाही, कान हलला नाही. तो फक्त तिच्या पावलात पाऊल मिळवून चालायला लागला. सकाळीच कुठेतरी गेला होता आणि आता परत आलाय, असं. बाई दोनदा "ऑड" म्हणाल्या. नवऱ्याने त्याचा अर्थ 'सोपं काम झालं' असा घेतला. परत येताना मी मागे वळून पाहिलं. पट्टेऱ्याने हनुवटी काळीच्या पाठीवर ठेवली होती, आणि चारही उघडे डोळे माझ्याकडे लागले होते. दोघंही झोपली होती.

घरी आल्यावर मी त्याची लीड सोडली. तो हॉलमधून सरळ जिन्याकडे गेला आणि चढून वर गेला. न अडखळता, पायाखाली न बघता. मी खालीच उभी. हा प्राणी उभ्या आयुष्यात कधी घरात शिरला नाही असं बाईंनी अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं. वरून त्याच्या नखांचा आवाज आला, आमच्या खोलीत, मग बाबांच्या खोलीत, आणि तो तसाच शांतपणे खाली आला. "स्मार्ट आहे यार," नवरा म्हणाला. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो आल्याचा मला रागही आला होता.

बाबा मागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत बसले होते. दोघं तिथे गेली तसे ते खुर्चीतून उठून उभे राहिले, घरी कोणी वडीलधारं आल्यावर उठावं तसे.

"एकाच आईची ना ही?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. सख्खी भावंडं."

"एक काळं, एक पट्ट्यांचं." ते बराच वेळ बघत राहिले. "यमाच्या वाटेवर अशीच दोन बसलेली असतात. तीही भावंडंच." नागपूरची गाडी किती वाजता सुटते हे सांगावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी हे सांगितलं.

"बाबा, प्लीज," नवरा हसून म्हणाला. बाबा हसले नाहीत.

त्यानंतर घरात काय बदललं ते एका वाक्यात सांगता येत नाही. आवाज कमी झाला, असं म्हणावं तर दोघंही आधीपासून भुंकत नव्हतीच. नोव्हेंबरात आमच्याकडे चार वाजता दिवे लावावे लागतात. त्या सुमाराला दोघं उठायची आणि कन्झर्व्हेटरीच्या काचेपाशी जाऊन उभी राहायची. बागेच्या टोकाला एक लाकडी फाटक आहे, पलीकडे नदीकडे जाणारी पायवाट. त्या फाटकाकडे बघत राहायची. कोल्हा असेल म्हणून मी दोनदा टॉर्च घेऊन जाऊन आले. कोल्हा नव्हता, मांजर नव्हतं, ओल्या पाल्याशिवाय काही नव्हतं. दोघांचे दात मात्र हलके वाजत असायचे, थंडीने वाजतात तसे, आणि घरात हीटिंग चालू असायचं.

बाबा खुर्ची ओढून त्यांच्या मधोमध बसायचे. मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात काम करत असे, तिथून मला त्यांची पाठ दिसायची. एक दिवस त्यांचं बोलणं कानावर पडलं. "जेवलात का?" ते कुत्र्यांना विचारत होते. काळीला आजवर 'काय गं' म्हणणारा माणूस आता अहोजाहो करत होता. मग आवाज उतरला. "अंगावर जाऊ नका हं. वाट अडवायची नाही. हळू." 

आणि ते जेवेनासे झाले. चित्राहुतीची शितं बाजूलाच राहिली, आता पहिली पोळी मोडून अर्धी काळीला, अर्धी पट्टेऱ्याला. दुसरीतलीही बरीचशी त्यांनाच. मी म्हणायचे, "बाबा, त्यांना त्यांचं खाणं आहे. तुम्ही खा." ते म्हणायचे, "आधी त्यांचं." पोळी खाऊन दोघं त्यांच्याकडे टक लावून बघत बसायची, आणि बाबांचा घास हातातच राहायचा. पॅन्ट कंबरेवरून घसरायला लागली. इथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जीपीकडे नेलं. रक्त, बीपी, सगळं ठीक. ही इज ग्रीव्हिंग, वेळ द्या, असं तो डॉक्टर म्हणाला. वेळ द्यायला त्याचं काय जातंय?

मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "त्यांना वाटतंय ती दोघं त्यांना न्यायला आलीयत. ते तयारी करतायत. तुला दिसत नाहीये का?"

"यू आर ओव्हररिअ‍ॅक्टिंग. त्यांना कंपनी आहे, दॅट्स ऑल."

"कंपनी? माणसांनी भरलेल्या घरात ते यमदूतांना पोळ्या चारतायत."

माझा या कशावर विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, एखादी गोष्ट तीनदा तशीच घडल्याशिवाय ती घडली असं मानत नाही. पण भीतीला विश्वासाची गरज नसते. बाबा आमच्या घरी येऊन कुत्र्यांकडे बघत बघत विझून जाणार, आणि मी शेजारच्या खोलीत बसून ते होऊ देणार, हे मला दिसायला लागलं होतं. एकीला मुकलो होतो. दुसऱ्याला मी जाऊ देणार नव्हते.

डिसेंबरातल्या एका दुपारी पुन्हा तसंच धुकं आलं. दोघं काचेपाशी, मध्ये बाबा. मी चहा घेऊन दारात पोचले आणि बागेच्या टोकाला फाटकाची कडी वाजली. नीट ऐकली मी, लोखंडावर लोखंड. पानसुद्धा हलत नव्हतं. काळी दोन पावलं डावीकडे सरकली आणि पट्टेरी उजवीकडे. दोघं खाली बसली. मधली जागा मोकळी झाली, आणि बाबांनी आपले पायही मागे ओढून घेतले. मी कप ठेवून चपला न घालताच बागेत धावले. फाटक बंद होतं. कडी घट्ट लागलेली होती आणि इतकी गार की बोटं चिकटली. परत आले तर बाबांनी मला फक्त एवढंच म्हटलं, "दार लाव, गारठा येतो."

मी त्याच संध्याकाळी केंद्रातल्या बाईंना फोन केला. जमत नाहीये, पट्टेऱ्याला परत घ्या. त्या चांगल्या बाई. काही विचारलं नाही, शनिवारी घेऊन या म्हणाल्या. नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं, पण शेवटी त्याचेही डोळे बाबांच्या मनगटांवर गेले असणार. त्याने गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

शनिवारी जेवणं झाल्यावर मी हॉलमध्ये पट्टेऱ्याला जाळी बांधली, कोट घातला. काळी येऊन शेजारी उभी राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. बाबा कन्झर्व्हेटरीच्या दारात आले.

"कुठे नेतेस त्याला?"

"परत द्यायला."

"का?"

मी ठरवलं होतं की शांतपणे काहीतरी कारण सांगायचं. पण माझं आणि शांतपणाचं कधी जमलेलं नाही. "कारण मला तुम्ही हवे आहात, बाबा. तुम्हाला मरायचंय का? सरळ सांगा. जेवत नाही, त्यांना पोळ्या घालता, वाट सोडा म्हणून विनवता. मी सगळं ऐकलंय. माझ्या घरातून तुम्हाला मी कोणाबरोबर जाऊ देणार नाहीये."

 बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"माझ्यासाठी नाही गं," ते म्हणाले. "हिच्यासाठी."

मला कळलं नाही. मी लीड धरून तशीच उभी.

"हिला कुत्र्यांची फार भीती. तुझ्यासमोर दाखवली नसेल कधी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुत्री बसायची, तिथून ती उभ्या जन्मात एकटी गेली नाही. भाजीला निघाली तरी मी कोपऱ्यापर्यंत सोडायला. माझी बाही धरायची, डोळे मिटायची आणि विचारायची, गेलं का हो? त्या दिवशी मी बँकेत होतो."

नवरा वरून खाली येत होता, तो मधल्या पायरीवर थांबला.

"गेलेल्या माणसाला यमाकडे वर्षभर चालायचं असतं म्हणतात. शेवटी ही दोन. खरं-खोटं मला माहीत नाही, मी कुठे पाहून आलोय? पण असली तर? ती पुढे पाऊल टाकणार नाही, मी ओळखतो तिला. उभी राहील तिथेच. म्हणून म्हटलं, यांना जरा आपलंसं करून ठेवावं. तिकडे निरोप पोचला तर पोचला." त्यांनी पट्टेऱ्याच्या मानेवर हात ठेवला. "जेवण जात नाही हे खरं आहे. त्याचा यांच्याशी संबंध नाही. मी खाईन, तू म्हणशील तेवढं खाईन. पण याला नेऊ नकोस. एकाला चारून काय उपयोग, दुसरा आडवा येईल."

 नवऱ्याने माझ्या हातातून लीड काढून घेतली आणि तो फोनपाशी गेला. बाईंना तो काय सांगत होता ते मला ऐकू आलं नाही.

"एप्रिलमध्ये माझा व्हिसा संपतो," बाबा म्हणाले. "वर्षश्राद्ध जूनमध्ये. मधले महिने तुला घालावं लागेल, आपण जेवायच्या आधी, दोघांना सारखं. घालशील ना?"

मी हो म्हटलं. त्या क्षणी मला सासूबाई स्वच्छ दिसल्या, सुती साडी, हातात पिशवी, कुठल्याशा लांबलचक रस्त्यावर चालत असलेल्या, आणि त्यांच्या शेजारी धरायला कोणाची बाही नव्हती. त्या गेल्याची बातमी आली तेव्हा मी तिकिटांची, सुट्टीची धावपळ केली होती, सगळ्यांना सावरलं होतं. त्यांच्यासाठी मी रडले ती त्या दिवशी, हॉलमध्ये उभी राहून, मोठ्याने.