शेंगा चटणी दिनाचे जनक

दाजी गेल्याची बातमी मला घरून कळली नाही, ग्रुपवरून कळली. मोहोळला माझं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाला फवारणीचा पंप दाखवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. 'शेंगा चटणी दिनाचे जनक, सोलापूरचे भूषण आदरणीय वसंतराव काळाच्या पडद्याआड', खाली जोडलेले हात आणि गुलाबी सदऱ्यातला हसरा फोटो. माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा गेला आणि ते मला एका समितीनं कळवलं. आक्काचा फोन त्यानंतर आला. दवाखान्यात तिच्या आधी समितीची माणसं पोचली होती आणि 'वहिनी, जरा साहेबांचा चांगला फोटो काढून घेतो' म्हणून तिच्या हातातला फोन घेऊन गेली होती. तो परत मिळाला तेव्हा तिनं मला लावला.

समितीनंच मला वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या पुरवणीसाठी लिहायला सांगितलं. मेव्हणा आहे, चार शब्द बरे लिहील, असं त्यांनी गृहीत धरलं असावं. मी लिहितो आहे, पण बरे शब्द किती निघतील ते ठाऊक नाही.

दाजी एका शाळेत लिपिक होते. शाळेत वरून परिपत्रकं येत. आज हात धुण्याचा दिवस पाळा, आज चिमण्यांचा पाळा, आज टपालाचा. फोटो काढा, अहवाल पाठवा. बाकीचे लिपिक कपाळाला हात लावत. दाजींना मात्र त्यातून साक्षात्कार झाला. एकदा आमच्या ओसरीवर पाय पसरून म्हणाले, "सुधीर, हे वर कुणीतरी बसून ठरवतंय की नाही? आकाशातनं तर पडत नाही. मग मी ठरवलं तर काय बिघडलं?" तेव्हा आम्ही हसलो. तिथंच अडवायला हवं होतं…

आधी त्यांनी टॉवेल दिन काढून पाहिला. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत जाऊन मागवाल्यांना समजावून सांगितलं. एका विणकरानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशी सुट्टी मिळणार का?" दाजी म्हणाले, सुट्टी नाही, गौरव. "मग तुमचा दिन तुमीच पाळा की," असं म्हणून तो मागाकडं वळला. टॉवेल दिन तिथंच संपला. मग कडक भाकरी दिन झाला, तो एक वर्ष टिकला. शेवटी शेंगा चटणी दिन मात्र चिकटला, कारण ती फुकट वाटता येते आणि घरात ती कुटणारी बाई होती.

हे दिन कसे जन्माला येतात ते मी जवळून पाहिलं आहे. हॉटेलात पाच माणसं बसतात, त्यातले तिघे पदाधिकारी होतात. एक फ्लेक्स लागतो. बातमी पाठवायची, ती ज्या दिवशी दुसरं काही नसेल त्या दिवशी छापून येते. दुसऱ्या वर्षीच्या बातमीत 'प्रतिवर्षीप्रमाणे' हा शब्द घालायचा, की परंपरा तयार. तिसऱ्या वर्षी शाळेतली पोरं त्यावर निबंध लिहितात. ही तारीखच का, असं कुणी विचारलं तर दाजी आवाज खाली आणून शेंगेचा हंगाम, मातीचा गुण, पूर्वजांची चव असं काहीबाही सांगत. खरं कारण एवढंच, की पितृपक्षात लग्नकार्यं नसतात आणि त्या दिवशी हॉल फुकट मिळाला.

आता सोलापुरात जन्म काढलेल्या माणसाला इतकं तरी कळायला हवं, की पितृपक्ष तिथीनं चालतो आणि यांचा दिन तारखेनं. पुढच्याच वर्षी ती तारीख नवरात्रात आली. निम्मा हॉल उपवासाचा आणि ताटलीत लसणाची चटणी! प्रमुख पाहुण्यांनी ताटली हातात घेतली, वास घेतला आणि खाली ठेवली. दाजी डगमगले नाहीत. त्यानंतर तारीख नवरात्रात आली, की आक्का दोन चटण्या करायची, एक नेहमीची आणि एक उपवासाची. त्या माणसाला तारीख बदलणं जमत नव्हतं, बायकोचं काम दुप्पट करणं जमत होतं. तिचे स्वतःचे नऊ दिवसांचे उपवास असायचे. नुसतं पाणी पिऊन ती उखळापाशी बसायची, कारण मिक्सरमधली चटणी भुकटी होते, तेल सुटत नाही, आणि पाहुण्यांना तेल सुटलेली लागायची. मी एकदा म्हणालो, दाजी, बाहेरून कुटून घ्या. ते म्हणाले, "घरच्या हाताची चव हीच तर आपली ओळख आहे." घरचा हात मंचावर कधी गेला नाही. तो मागच्या खोलीत ताटल्या भरत असायचा.

इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं असतं. माणसाला एकेक नाद असतो, कुणी पत्ते कुटतो, कुणी दिन काढतो. पण ज्या वर्षी आमची आई गेली, ते वर्ष मी हसण्यावारी नेऊ शकत नाही.

आई मोहोळला माझ्याकडं होती. डॉक्टर म्हणाले, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मी सोलापूरला फोन लावला, दाजींनी उचलला. "अरे, परवा दिन आहे. दोनशे माणसांची चटणी व्हायची आहे अजून. दिन झाला की मीच तिला घेऊन येतो. आणि आई मागंही अशाच आजारी पडल्या होत्या की, बसल्या ना उठून?" सोलापूर ते मोहोळ एसटीनं तासाभराचा रस्ता आहे. दोन दिवस आई दाराकडं बघत विचारत राहिली, "शकू आली का रं?" मी सांगत राहिलो, निघाली आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. मी पुन्हा दाजींनाच फोन लावला, कारण आक्काचा फोन हॉलवर त्यांच्याच खिशात असायचा. ते म्हणाले, "अरेरे…" आणि दोन्ही फोन खिशात ठेवून पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. सत्कार झाला, भाषण झालं, आभार झाले. ताटल्या धुऊन झाल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. आम्ही तिची वाट बघत थांबलो होतो, पण पावसाचं लक्षण दिसलं, चार वडीलधाऱ्यांनी आता थांबू नका म्हटलं आणि आईला न्यावं लागलं. आक्का आली तेव्हा आम्ही स्मशानातून परतलो होतो. दाजींच्या अंगावर अजून तोच गुलाबी सदरा होता.

आईचं श्राद्ध आम्ही तिथीनं करतो, आक्का येते, जेवते, जाते. पण तिच्या मनात आईची तिथी नाही, ती तारीख आहे. त्या तारखेला ती दरवर्षी उखळापाशी असायची. रडायला सवड नव्हती आणि रडली असती तरी दाजी म्हणाले असते, मिरचीचा ठसका लागला.

दाजींच्या तेराव्यानंतर आठवड्याभरात समिती घरी आली. मी तिथंच होतो. कार्याध्यक्ष बिराजदार सर सोफ्यावर टेकून म्हणाले, "वहिनी, यंदाचा दिन साहेबांच्या स्मृतीला अर्पण करायचा. जिल्हास्तरीय. चटणी मात्र तुमच्याच हातची."

मी म्हणालो, "घरात माणूस गेलंय. वर्षभर सण नाही या घरात."

"सण कुठं? हा दिन आहे," बिराजदार सर म्हणाले. दाजींनी तयार केलेला माणूस, उत्तर तयारच.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराला हात पुसत म्हणाली, "त्या तारखेला मी मोहोळला जानार हाय. आई गेली त्या दिशी माजी."

समितीतला एक जण म्हणाला, "मग आदल्या दिवशी कुटून ठेवली तर, वहिनी?" मी त्यांना चहा न देता दारापर्यंत सोडलं. आजवर कुणाला दारापर्यंत सोडण्यात इतका आनंद झाला नव्हता.

त्या तारखेला ती मोहोळला आली. आईच्या खोलीत, आईच्या खाटेवर जाऊन बसली आणि दुपारभर रडली. नवऱ्यासाठी ती जनरीतीप्रमाणे रडली होती, लोकांमध्ये, बायकांच्या गळ्यात पडून. हे रडणं वेगळं होतं. दार लोटून, एकटीचं, कितीतरी वर्षं अडवून ठेवलेलं. माझी बायको आत जायला निघाली, मी तिला थांबवलं. मला बरं वाटत होतं. वाटलं, सुटली आक्का. तो माणूस गेला, त्याचा दिन गेला, आता ही आमची झाली.

उन्हं उतरल्यावर ती बाहेर आली. तोंड धुतलं, चहाचा कप घेतला, घड्याळाकडं बघितलं. मग मला म्हणाली, "सुधीर, हॉलवर किती मान्सं आली असतील रं?"

मी म्हणालो, "फार तर दहा-बारा." मला काही ठाऊक नव्हतं. मला तसं म्हणायचं होतं, म्हणून म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. "एवढीच?" ती म्हणाली. "ह्यांना लई वाईट वाटलं असतं." कप तसाच ठेवून ती कितीतरी वेळ फाटकाकडं बघत बसली. दाजी जिवंत असताना मला त्यांचा राग अनेकदा आला, पण त्या संध्याकाळी आला तेवढा कधीच आला नव्हता.