ओबेदकाकाचे त्रेचाळीस टोले

माझा काका ओबेद पेग्लर विथीकोटच्या चर्चची घंटा वाजवायचा आणि कबरी खणायचा. सेव्हर्न नदीनं आमचं गाव तीनदा धुऊन नेलं, उंचावरचं चर्च तेवढं उरलं. त्याच्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत. शेवटची काकानं कोरलेली. तिच्याकडे मला बघवत नाही.

पुरुष गेला की घंटेचे नऊ टोले, बाई गेली की सहा, मूल गेलं की तीन, मग वयाचे. टोले संपेपर्यंत जो जिथे असेल तिथे टोपी काढून उभा. आणि नदीनं नेलेल्याचे टोले दिवस मावळायच्या आत पडायलाच हवेत, नाहीतर तो काठाकाठानं हाका मारत फिरतो. आमच्याकडे शेंबडं पोरही हे सांगेल.

त्या मार्चात पूर आला आणि नावाडी जेबेझ हेलची होडी उलटी सापडली. माणसं होड्या घेऊन त्याला शोधत होती. त्याची सात वर्षांची टॅम्सिन पलीकडे आजीकडे आहे, असं सगळे धरून चाललेले. दिवस कलला तसा काका मनोऱ्यात चढला.

नऊ टोले. मग जेबेझच्या वयाचे चौतीस, एकेक करून. होड्यांतल्यांनी वल्ही ठेवली, टोप्या काढल्या. मधेच पाण्यावरून हाक आली, जेबेझच्याच आवाजात. कुणी हललं नाही. टोले पुरे झाले नाहीत म्हणून त्याचा जीव ओरडतोय, असंच वाटलं सगळ्यांना. मी काठावर होते. मी कान झाकून घेतले. काय म्हणावं आम्हाला.

सकाळी जेबेझ चालत गावात आला. रात्रभर वाळुंजाच्या झाडाला धरून होता. टॅम्सिन होडीत त्याच्याबरोबर होती. अंधार पडेस्तोवर तिला एका हातानं धरलं, मग हात बधिर झाला.

तिचे टोले काकानंच दिले, तीन आणि सात.

जेबेझ एवढंच म्हणाला, "घंटेच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार." झालं. अख्ख्या गावानं ते वाक्य झेललं आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. काकानंही. पण तो आतून पोखरत गेला. जेवताना थांबायचा, विचारायचा, "जूडिथ, कुणी हाक मारली का गं?"

"कुणी नाही. खा गपचूप," मी खेकसायचे. खोटं. मलाही ऐकू यायची.

अशी अकरा वर्षं गेली. काकाच्या छातीनं दगा द्यायला सुरुवात केली, तेव्हा तो म्हणाला, "मरायच्या आधी त्याला सांगायलाच हवं."

"आणि त्यानं माफ नाही केलं तर?"

"तर नाही केलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेबेझच्या होडीत आम्ही तिघंच होतो. नदीच्या मध्यावर काका म्हणाला, "जेबेझ, तुझी हाक मी ऐकली होती रे."

जेबेझ वल्ही मारत राहिला. "माहीत आहे. दोन टोल्यांच्या मधे तुम्ही खिडकीतून वाकून बघितलंत. मी पोरीला उचलून दाखवत होतो, काका."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुमच्यापैकी कुणीतरी आपणहून सांगेल, म्हणून वाट बघत होतो."

काका ओंजळीत तोंड घालून रडला. जेबेझनं त्याला रडू दिलं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "आणि तू गं, जूडिथ?"

काठ आला तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आता जेबेझही गेला, म्हणून तुम्हाला सांगतेय.