हवालदाराची जागा

घराजवळची ड्यूटी मला सगळ्या नोकरीत एकदाच चालून आली, आणि तीही माझ्याच बढतीने घालवली.

गोंदियाला कॉलेजच्या पोरांना परेड आणि बंदूक शिकवायला फौजेतला एक हवालदार हवा होता. नियम कडक होते. हुद्दा हवालदाराचाच, शस्त्रांचा कोर्स चांगल्या शेऱ्याने पास, सर्व्हिस बुकात शिक्षेची लाल नोंद नको आणि पेन्शनला अजून काही वर्षं बाकी. माझं सगळं बसत होतं. आमच्या सौंदडहून सकाळच्या गाडीने जायचं आणि रात्री घरी जेवायचं, एवढं सोपं. मुलगी तेव्हा नववीत होती. तिच्या लेखी बाप म्हणजे फोनवरचा आवाज. बारावी झाली की ती शिकायला बाहेर जाणार, म्हणजे तेवढीच वर्षं हाताशी होती. मी अर्ज टाकला.

अर्जाचं उत्तर यायच्या आधी बढतीची यादी आली. नायब सुभेदार! पलटणीतल्या पोरांनी मला उचलून घेतलं, मेसमध्ये जिलेबी झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "साहब, वो जगह तो हवलदार की है. स्टार लगा लिया तो गोंदिया भूल जाओ."

बढती नको असं लिहून देता येत होतं. पण एकदा दिलं की पुन्हा बढती मिळणं संपलं. खांद्यावरच्या ज्या ताऱ्यासाठी एवढी वर्षं टाचा आपटल्या, तोच आडवा आला. हसावं की रडावं कळेना.

घरी फोन लावला. मुलीनेच उचलला. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करू?

"स्टार घ्या, बाबा," ती लगेच म्हणाली. "इथं येऊन काय करान? आमचं चालून राहिलं ना बरोबर."

ते मला लागलं. रागही आला. त्या रागातच मी तारा लावला आणि सरहद्दीवर गेलो.

आता पेन्शनीत आहे. बांधावर चिखलात उभा असलो तरी गाव मला सुभेदारसाहेब म्हणतं. मुलगी नागपूरला नर्स आहे. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, तो तिच्या आईला. मी उचलला तर "बरे आहात ना?" एवढ्यावर आटोपतं.

परवा बायको धानाच्या रोवणीवरून परतली नव्हती, म्हणून फोन माझ्याकडेच राहिला. इतक्या वर्षांचं मनातलं शेवटी विचारलं, "तवा तू मले घरी या असं काऊन नाही म्हटलं?"

ती म्हणाली, "तुमचा आवाज आयकला ना, बाबा. स्टारची गोष्ट सांगतानी तुमी किती खुश होते. घरी यायची गोष्ट सांगतानी तसे नवते."

तसं नव्हतं गं, म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बोललो असतो तर तिला माझ्या आवाजावरूनच खोटं कळलं असतं.